प्लगच्या वायरी हेडरला चिकटू नयेत म्हणून घाटाआधी करायची तयारी

हे काम घाटात जायच्या आदल्या संध्याकाळी काढू नका, निदान चार दिवस आधी काढा. मी आदल्या संध्याकाळीच उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी गोव्याहून परत येताना केरी सोडल्यावर चोर्ल्याच्या चढावर जीप मिसिंग करायला लागली, म्हणजे एक सिलेंडर पेटेना. गाडीत आई, दादा, वहिनी, वर मे महिन्याचं ऊन. बॉनेट उघडलं तर तिसऱ्या सिलेंडरची वायर हेडरच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या, पाइपवर पडलेली. तांबड्या सिलिकॉनचा नखाएवढा भाग चुन्यासारखा पांढरा झाला होता, बोटानं दाबला तर त्याचा भुगाच झाला. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं भोक, आत काळा गाभा दिसतोय. ठिणगी प्लगपर्यंत जातच नव्हती, त्या भोकातून पाइपवर उडत होती. तीन सिलेंडरवर, पहिल्या गियरात, थांबत थांबत वर चोर्ल्यापर्यंत आलो. त्या सिलेंडरचं न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जात होतं आणि मागे आई बसली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वायर मोकळी सोडली होती म्हणून हे झालं नाही. चांगली घट्ट बांधली होती, पण बॉडीला बांधली होती. या यादीतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: प्लगची वायर इंजिनालाच बांधायची. बॉडीला नाही, मडगार्डला नाही, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नाही.

कारण साधं आहे. प्लग इंजिनात, हेडर इंजिनाला, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) इंजिनावर. इंजिन हललं की ही तिन्ही एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. बॉडी मात्र जागची हलत नाही, कारण मध्ये माउंटिंगचं रबर आहे. चढावर दुसऱ्या गियरात जोर लावला की इंजिन एका अंगाला कलतं, पाय काढला की परत येतं. वायर बॉडीला पकडलेली असेल तर प्रत्येक कलण्याला ती थोडी ओढली जाते, क्लिपमधून सरकते, आणि इंजिन परत आलं की ती सरकलेली लांबी लोंबते. चोर्ल्याच्या वळणांवर हे किती वेळा झालं असेल त्याचा हिशोब नाही. माझी बांधायची नायलॉनची टाय शेवटपर्यंत तुटली नाही, आणि तिनंच वायर ओढत नेली. बेळगावात आल्यावर मेस्त्रींनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बॉडीला कशाला बांधलासा? इंजिन हालतंय न्हवं!" त्यांना एका नजरेत दिसलं ते मला अख्ख्या संध्याकाळी दिसलं नव्हतं.

आता क्रमाने. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. वायर काढताना बूट, म्हणजे वायरीच्या टोकाचं रबरी टोपण, धरून थोडा पिळा आणि मग ओढा. वायर धरून ओढलीत तर आतला गाभा तुटतो आणि वरून काही कळत नाही. एकावेळी एकच काढा, नंबर लिहा.

माउंटिंगची रबरं आधी तपासा. तडा गेलेलं किंवा ऑइल पिऊन फुगलेलं रबर असेल तर इंजिन दुप्पट हलेल आणि पुढची सगळी मेहनत वाया. रबर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग वायरी. ज्या इंजिनात प्लग आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, तिथेच हा त्रास. माझं तसंच आहे. चारही वायरींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजा. लांबीप्रमाणे आकडा कमीजास्त येणारच, पण एखादी इतरांपेक्षा भलतीच वेगळी दाखवत असेल तर ती टाका. लांबी बेताची हवी. जास्त लांब वायर गुंडाळून ठेवतात, तसं करू नका, गुंडाळी सुटली की थेट पाइपवर. फारच आखूड असेल तर बूट निसटतो. बूट बसताना टक् असा आवाज आला पाहिजे.

अंतर किती? निदान एक इंच. आडवा अंगठा मध्ये मोकळा फिरला पाहिजे. जोराच्या चढावर इंजिनाला लागूनचा पाइप 400-500 अंशांवर सहज जातो, आणि चांगल्या सिलिकॉनच्या वायरीला सतत झेपतं ते 200 च्या आसपास. म्हणजे टेकलं की संपलं. जिथं इंच मिळतच नाही, तिथं वायरीवर काचतंतूची विणलेली नळी चढवा आणि बुटाच्या टोकापर्यंत न्या. नळी आहे म्हणून टेकलं तरी चालेल असं मुळीच धरू नका. कुणी जुन्या पेटीतून ॲसबेस्टॉसची दोरी काढून देईल, ती घेऊ नका, तिचे तंतू फुफ्फुसात जातात. हेडरलाच पट्टी गुंडाळू का, असंही विचारतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात गाडी फिरणार असेल तर मी तरी गुंडाळणार नाही. ओल पट्टीत धरून राहते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत गंजतो.

आता बांधायचं. साध्या नायलॉनच्या टायला सतत 85 अंशांच्या वर झेपत नाही, ती पाइपजवळ नकोच. पत्र्याची पट्टी वाकवून ब्रॅकेट करा. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. ते ब्रॅकेट व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) बोल्टखाली धरा आणि वायरी सेपरेटरमध्ये, म्हणजे त्यांना वेगवेगळं धरणाऱ्या खाचांच्या पट्टीत, बसवा. व्हॉल्व्ह कव्हर म्हणजे इंजिन, इंजिनालाच. मडगार्डवर एक तयार भोक दिसेल, फार सोयीचं, अगदी हाताजवळ. मीही तेच वापरलं होतं. तिकडे बघूच नका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 असेल तर तीन आणि चारची वायर एकमेकींना लागून लांबवर नेऊ नका, एकीचा स्पार्क दुसरीत उतरायची शक्यता असते. एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडा.

अपवाद एकच, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर. कॉइल बॉडीवर आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनावर, त्यामुळे ती दोन्हीकडे जाणारच. तिला तळहाताएवढा झोल ठेवा, आणि तो झोल हेडरच्या बाजूला नको.

मग तपासणी. उभ्या गाडीत, थंड इंजिनवर बघून समाधान मानू नका, मी तेच केलं होतं. दुसऱ्या माणसाला आत बसवा. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, गियर टाकून क्लच किंचित सोडायला सांगा, क्षणभरच. तुम्ही बाजूला उभं राहून बघा, समोर कधीही नाही, मागेही नाही. इंजिन कलताना दिसेल. वायरी त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत. एखादी मागे राहिली, ताणली, तर ती कुठंतरी बॉडीला अडकली आहे. शोधा आणि सोडवा. रिव्हर्समध्येही एकदा बघा, इंजिन उलट्या अंगाला कलेल.

रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून टॉर्च विझवा. वायरींवर निळी ठिणगी फिरताना दिसली तर ती वायर बाद. तेव्हा हात लावू नका, हजारो व्होल्ट असतात. हे करायच्या आधी पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटर पाझरत नाही ना, ते बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर चाचणी बंद.

नंतर एक चक्कर वंटमुरीच्या घाटातून, खालच्या गियरात. परत येऊन थंड होऊ द्या, पाइपवर पांढरा डाग, वायरीवर चकाकी गेलेली जागा शोधा.

सोबत सगळ्यात लांब अशी एक जादा वायर, जाड हातमोजे, पाना, टॉर्च. पाणी वगैरे तुम्ही घ्यालच.

निघायच्या सकाळी क्लिपा पुन्हा मोजा, एकेक हाताने धरून बघा: ही कशाला लावली आहे, इंजिनाला की बॉडीला?