ओएलईडी मॉनिटर घेण्याआधी खोली, लाइन आणि कार्ड तपासा

ओएलईडीवर गेम सुंदर दिसतो, यात वाद नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, मागे बॅकलाइट नसते. काळं दाखवायचं तर पिक्सेल चक्क विझतो. रंग बदलायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून माउस झटकन फिरवला तरी समोरच्या खेळाडूची कड पुसट होत नाही. पण एका ओएलईडीच्या पैशात चांगले आयपीएस, म्हणजे मागे बॅकलाइट असलेले नेहमीचे एलसीडी मॉनिटर दोन तरी येतात. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावात एवढे पैसे लावायचे, तर आधी घरातल्याच काही गोष्टी तपासाव्या लागतात.

सुरुवात लाइनपासून. ओएलईडीचे पिक्सेल वापराने झिजतात, आणि सगळे सारखे झिजत नाहीत. टास्कबार, कोपऱ्यातला नकाशा, गोळ्यांचा आकडा या जागी चित्र तासन्‌तास हलत नाही. तिथले पिक्सेल लवकर थकतात आणि कायमचा डाग उरतो, त्यालाच बर्न-इन म्हणतात. तो लांबवायला मॉनिटर स्वतःची देखभाल करतो: साधारण ४ तास वापर झाला की स्टँडबायवर गेल्यावर पिक्सेलमधला फरक भरून काढतो. मेनूत याचं नाव पिक्सेल रिफ्रेश, पिक्सेल क्लीनिंग किंवा पॅनेल केअर असं असतं. बहुतेक मॉनिटरांना १० मिनिटांच्या आत हे जमतं. झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची आपली सवय नेमकी इथे नडते. पीसी शटडाउन करा, मॉनिटरचा दिवा स्टँडबायचा होऊ द्या, १५ मिनिटं जाऊ द्या, मग बटण बंद करा. मधेच लाइन गेली तर पॅनेल लगेच बिघडत नाही, पण काम अर्धवट राहतं. लाइन आल्यावर ते मेनूतून सुरू करा. मॉनिटर मागत नसताना रोज हाताने चालवू नका.

म्हणून यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट उचलतो. गेम चालू असताना पीसी तेवढे एकटाच खातो, त्यामुळे लाइन जाताच यूपीएस ओरडून बंद पडतो. १००० ते ११०० व्हीएचा घेतला तर गेम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. तेवढं बजेट नसेल तर ६०० व्हीएवर एकटा मॉनिटर ठेवा. लाइन गेली की पीसी बंद पडेल, सिग्नल तुटला म्हणून मॉनिटर स्टँडबायवर जाईल आणि ४ तास झाले असतील तर आपलं काम पूर्ण करेल.

कमी व्होल्टेजची फार धास्ती नको, बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. खरा धोका लाइन परत येताना बसणाऱ्या झटक्याचा. शेतातल्या मोटारी एकदम बंद होतात तेव्हाही व्होल्टेज उसळी घेतं. लाइन आल्यावर ५ मिनिटं थांबा. अर्थिंगही बघा: मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहा. मृगाच्या आधी गडगडायला लागलं की मॉनिटर, पीसी आणि लॅनची वायर, तिन्ही काढून ठेवा.

आता खोली. ओएलईडी दोन जातीचे येतात: एलजीचे डब्ल्यूओएलईडी आणि सॅमसंगचे क्यूडी-ओएलईडी. क्यूडीचे रंग जास्त भरदार, पण खोलीत उजेड असेल तर त्याचा काळा जांभळट-राखाडी दिसतो. दार उघडं ठेवून दिवसा खेळणाऱ्याने डब्ल्यूओएलईडीच बघावा. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर बरेचसे गेमिंग ओएलईडी २५० निट्सच्या (निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास थांबतात. १००० निट्सचा आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता असतो. तुम्ही ज्या वेळी खेळता त्याच वेळी आत्ताचा मॉनिटर बंद करून त्याच्यात बघा. दाराची चौकट आणि अंगातला शर्ट स्पष्ट दिसत असेल तर टेबल फिरवा, दार स्क्रीनच्या बाजूला आलं पाहिजे. टेबल फिरवणं शक्य नसेल तर ओएलईडीचा नाद सोडा, आयपीएसच घ्या.

उष्णता हा दुसरा शत्रू. बऱ्याच मॉनिटरांच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. नवतप्यात टिनाखालची खोली दुपारी त्याच्या वर जाते, आणि गरम पॅनेल लवकर झिजतं. त्या दिवसांत रात्री खेळा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कुलरची हवा खोलीत फिरू द्या, पण तिचा झोत थेट मॉनिटरच्या मागे मारू नका, ओल आत जाते.

ग्राफिक्स कार्डाचं गणित सोपं आहे. २७ इंची ओएलईडी बरेचसे १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) आणि २४० हर्ट्झचे (सेकंदाला २४० चित्रं दाखवणारे) असतात. आरटीएक्स ३०५० सारख्या कार्डावर नवे गेम १४४०पीला रखडतात, आणि सेकंदाला ३०-४० फ्रेमवर ओएलईडीत चित्र आयपीएसपेक्षाही जास्त तुटक वाटतं. असं कार्ड असेल तर पैसे आधी कार्डाला लावा. आमचं मत स्पष्ट आहे: रात्रीची अंधारी खोली, यूपीएस आणि १४४०पीला शंभराच्या वर फ्रेम देणारं कार्ड असेल तर जरूर घ्या. दिवसभर एक्सेल, बिलिंग किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचं काम त्याच स्क्रीनवर असेल तर घेऊ नका. बर्न-इनचा धोका तर वाढतोच, शिवाय पिक्सेलच्या वेगळ्या मांडणीमुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंग दिसतो.

घेताना वॉरंटीत बर्न-इन शब्द लिहिलेला आहे का आणि तुमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का, हे लेखी घ्या. नाहीतर नागपूर-अमरावतीच्या चकरा आल्या, म्हणून खोका आणि थर्माकोल फेकू नका. नेताना मॉनिटर उभाच ठेवा, पॅनेलवर बोटाचा दाब नको. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी लाल, हिरवा, निळा, पांढरा व गडद राखाडी रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल आणि पट्टे शोधा.

जोडणी डिस्प्लेपोर्टने करा. विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच सुरू होतं. डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन २४० निवडा. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, वॉलपेपर काळा, स्क्रीन ३ मिनिटांत बंद. एचडीआर (उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणारी सोय) वापरणार असाल तर मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन अ‍ॅप एकदा चालवा. अंधाऱ्या दृश्यात स्क्रीन लुकलुकत असेल तर पॅनेल खराब नाही. फ्रेम वर-खाली झाल्या की व्हीआरआरमुळे, म्हणजे फ्रेमप्रमाणे मॉनिटरचा हर्ट्झ बदलणाऱ्या सोयीमुळे तसं होतं. फ्रेमला मर्यादा घाला, म्हणजे समजा ७० ते ११० मध्ये फिरत असतील तर ७०. तरी थांबलं नाही तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

कापूस घरात येतो त्या दिवसांत स्क्रीनवर तंतू आणि बारीक धूळ बसते. ती कोरडी पुसली की ओरखडे पडतात, आणि क्यूडीचा थर त्यात जास्त नाजूक. आधी हवेच्या रबरी पंपाने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापड पाण्याने जेमतेम ओलं करून हलक्या हाताने वरून खाली पुसा. काचेचा स्प्रे वापरू नका. पाणी थेट स्क्रीनवर नको, कापडावरच घ्या.