लहानपणीचा कान घेऊन जॅझ कसं गायचं

जॅझ शिकायला लागलं की रेकॉर्डवरची हरकत न् हरकत उचलायचा मोह होतोच. उचला बिनधास्त, जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डपण कॉनी बॉसवेल या गायिकेची नक्कल करतच वाढली, १९३४ ला न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत नाचायचं म्हणून गेली, ऐनवेळी कॉनीच्याच ढंगात गायली आणि जिंकली. फक्त सोबत एक काम करा, दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत घरात काय काय कानावर पडायचं ते कागदावर लिहून काढा, नुसती गाणी नाही, वाद्यंपण.

वाद्यं कशाला? तर जॅझ गायिका सारा वॉन लहानपणी न्यूअर्कच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि तिचं ऐकताना सारखं जाणवतं की बाईंना गाण्याखाली वाजणारी कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) पक्की ठाऊक आहे. आमच्याकडे भजनाची पेटी होती. आपला सा कुठे हलत नाही ना, त्यामुळे मी मस्त तान घ्यायचो आणि तोवर पियानोवाला दोन कॉर्ड पुढे गेलेला असायचा (चेहरा बघण्यासारखा व्हायचा माझा). मग पेटीच कामाला आली. रे-म-ध-सा एकदम दाबा, मग प-नि-रे-म, मग सा-ग-प-नि, सगळे शुद्ध, प्रत्येकी चार मात्रा. गाताना आधी वरचा सा धरा, दुसऱ्या कॉर्डला नि वर उतरा, तिसरीला तिथेच थांबा. नंतर म धरा, दोन कॉर्ड तोच, तिसरीला ग. आठवडाभर एवढंच, ताना नंतर.

टाळीचंही बघा, आपला हात समेवर पडतो आणि स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, जोर चार मात्रांतल्या दोन-चारवर असतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून प्रत्येक टकटक म्हणजे 'दोन', 'चार' असं मोजा. सुरुवातीला डोकं फिरतं.

आता शब्द. जॅझ गायिका बिली हॉलिडे लहानपणी बाल्टिमोरमध्ये लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथच्या रेकॉर्डी ऐकायची, आणि पुढे ती शब्द ठेक्याच्या जरा मागे टाकायची ते तर प्रसिद्धच आहे. मला हे काही केल्या जमेना. मग आठवलं, आरतीत आईच्या एका हातात निरांजन, दुसऱ्यात घंटा, लक्ष कापराकडे, त्यामुळे तिची ओळ कायम अर्धी मात्रा उशिरा यायची आणि शेवटी बरोबर आमच्यासोबत संपायची. तसंच करा. घंटा, म्हणजे ठेका, थांबवायची नाही, ओळ तेवढी उशिरा उचलायची.