मुलांना फ्लॅग फुटबॉल शिकवायचाय? आधी डिफेन्स, मग फक्त तीन प्ले

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येणार ही बातमी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या बैठकीतून आली, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी तेवढंच वाचलं. पण त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलपण होता, पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही. अमेरिकन फुटबॉलच, पण धडका नाहीत, पाडापाडी नाही, हेल्मेट नाही. कमरेच्या बेल्टला दोन्ही बाजूंना एकेक फ्लॅग, म्हणजे लांब पट्टी, लटकतो, बॉल ज्याच्या हातात आहे त्याचा फ्लॅग खेचला की प्ले, म्हणजे ठरवून केलेला एक प्रयत्न, तिथेच संपला. बास. पाच विरुद्ध पाच, त्यामुळे नाशिकमधल्या कुठल्याही शाळेत, सोसायटीत टीम उभी राहू शकते, आणि आपल्या मुलांकडे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट हे तिन्ही अंगात आधीच असतं, ते इथे फार कामाला येतं.

हा लेख पीटीच्या सरांसाठी, मॅडमसाठी आणि रविवारी सकाळी दहा-बारा पोरं गोळा करून काहीतरी चांगलं शिकवायची इच्छा असलेल्या आईबाबांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे, साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांना शिकवताना डिफेन्सपासून सुरुवात करा. नवीन कोच नेटवरून वीस-पंचवीस प्लेच्या आकृत्या उतरवून आणतो, पोरं गोंधळतात, आणि मॅचमध्ये समोरचा एक चपळ मुलगा पाचही जणांना चुकवून निघून जातो, कारण फ्लॅग खेचायचा कसा हे कुणी शिकवलेलंच नसतं.

मैदान आणि सामान

लहान मुलांच्या स्पर्धांमध्ये सर्रास चालणारं माप ३० बाय ७० यार्ड, म्हणजे अंदाजे २७ बाय ६४ मीटर, त्यात दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, म्हणजे बॉल घेऊन पोचायचे पट्टे. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी जॉगिंगवाले आणि क्रिकेटवाले असताना एवढी जागा मिळणं अवघडच, पण प्रॅक्टिसला अर्धं मैदान पुरतं. चुन्याची रेघ नाहीतर प्लास्टिकचे कोन, नाहीतर चपला. बेल्ट यायचे असतील तोवर जुन्या ओढणीच्या हातभर पट्ट्या शॉर्ट्सच्या इलॅस्टिकमध्ये दोन्ही बाजूंना खोचा, गाठ अजिबात मारायची नाही. शॉर्ट्सला खिसे नकोत, फ्लॅग ओढताना समोरच्याचं बोट खिशात अडकून मुरगळतं. टी-शर्ट आत खोचलेला. बॉल लहान साइजचा घ्या, मोठ्यांचा बॉल दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मावतच नाही आणि मग त्याला वाटतं आपल्याला जमत नाही.

नियम, पण अगदी थोडेच

पहिल्या दिवशी एवढंच सांगा: चार प्रयत्नांत मैदानाचा मध्य ओलांडायचा, ओलांडला की आणखी चार प्रयत्नांत एंड झोन गाठायचा. गाठला की टचडाउन, त्याचे ६ पॉइंट. बॉल हातातून पडला की तिथेच डेड, त्यावर झडप घालायची नाही. ढकलायचं नाही, शर्ट धरायचा नाही, आणि पळताना हात आडवा आणून स्वतःचा फ्लॅग झाकायचा नाही. क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा, त्याला स्नॅप, म्हणजे सेंटरने (मधल्या खेळाडूने) मागे दिलेला बॉल, मिळाल्यापासून ७ सेकंदांत बॉल टाकावा लागतो आणि तो स्वतः बॉल घेऊन पुढे पळू शकत नाही. मध्यरेषेच्या आणि एंड झोनच्या अलीकडच्या ५ यार्डांत पळून जाता येत नाही, पासच करावा लागतो (हाच नो-रन झोन). स्पर्धेगणिक बारीकसारीक फरक असतात, तेव्हा नाव नोंदवताना त्यांचा नियमांचा कागद मागून घ्या आणि तो मुलांसोबत बसून वाचा.

डिफेन्स: आधी फ्लॅग खेचणं

कबड्डी खेळलेली मुलं पहिल्या दिवशी काय करतात ते बघा, पळणाऱ्याच्या अंगावर झेप घेतात, कंबर नाहीतर पाय धरतात. धाडस उत्तम, पण इथे तो फाउल. आणि खो-खोवाली मुलं हुलकावणी द्यायला एक नंबर, पण पाठलाग करताना थेट पाठीमागे पळत राहतात. या दोन्ही सवयी वळवायच्या आहेत, मोडायच्या नाहीत.

ड्रिल सोपं आहे. कोन लावून पाच मीटर रुंद आणि दहा-बारा मीटर लांब गल्ली करा. एका टोकाला बॉलवाला, दुसऱ्या टोकाला डिफेंडर, शिट्टी वाजली की दोघं समोरासमोर निघतात. डिफेंडरला चार गोष्टी सांगायच्या. पहिली, अंतर जोरात कापायचं पण तीन पावलं उरली की वेग कमी करून छोटी छोटी पावलं टाकायची, गुडघे वाकलेले. दुसरी, डोळे कमरेवर, कारण खांदा फसवतो, डोकं फसवतं, डोळे तर फसवतातच, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. तिसरी, समोर सरळ उभं न राहता अर्धं पाऊल बाजूला उभं राहून त्याला एकच दिशा मोकळी ठेवायची, शक्यतो साइडलाइनची. चौथी, हात फ्लॅगच्या थोडा पुढे टाकायचा, आत्ता फ्लॅग जिथे दिसतोय तिथे हात नेलात तर तोवर तो निघून गेलेला असतो.

आमच्या गंगापूर रोडच्या ग्रुपमध्ये एक चणीने लहान मुलगी आहे, धावण्यात सगळ्यात मागे, पण ती हे कमरेवर बघणं इतकं नीट करते की मोठी मुलं गल्लीत समोर ती दिसली की आधीच थबकतात, आणि थबकला की गेलाच, तिचा हात येतो आणि फ्लॅग तिच्या मुठीत. धावण्याच्या शर्यतीत कधीच नंबर न येणाऱ्या मुलांना या खेळात अशी जागा मिळते, म्हणून मला तो मनापासून आवडतो. बारा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळवा, अगदी बिनधास्त.

गल्ली जमली की मग दोघांत एक, म्हणजे दोन डिफेंडर आणि एक पळणारा. एकाने बाहेरची बाजू बंद करायची, दुसऱ्याने आतून यायचं. दोघंही एकाच बाजूने गेले तर तो सुटलाच. हे बोलत बोलत करायला लावा, "बाहेर माझा", "आत तू", आपली मुलं मैदानात एरवी एवढी ओरडतात पण डिफेन्स करताना गप्प होतात.

डिफेन्स: कोण कुठे उभं राहणार

मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, हे मुलांना पटकन कळतं. पण समोरचे दोघं एकमेकांना क्रॉस करून पळाले की आपले दोघं एकमेकांवर आपटतात आणि तिसरा आरामात बॉल घेऊन जातो. म्हणून लहानांना मी झोन शिकवतो, वेळ लागतो पण टिकतो. एक रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, पुढे तिघं आडवे, म्हणजे डावा, मधला, उजवा, स्नॅपच्या रेषेपासून (बॉल जिथून सुरू होतो तिथून) साधारण पाच यार्ड मागे, आणि एकटा मागे खोल दहा-बारा यार्डांवर.

मागच्याला एकच वाक्य पाठ करायला लावा: माझ्या पाठीमागे कुणी जाणार नाही. बॉल समोर कितीही नाचला तरी तो पुढे धावत यायचा नाही. या जागेवर सगळ्यात वेगवान मुलगा नको, सगळ्यात शांत मुलगा हवा. डावा-उजवा यांनी पाठ साइडलाइनकडे ठेवून तिरकं उभं राहायचं, म्हणजे क्वार्टरबॅक आणि आपल्या भागात घुसणारा रिसीव्हर (पास झेलणारा) दोघंही एकाच नजरेत येतात.

रशरला नीट वेळ द्या. तो स्नॅपच्या रेषेपासून ७ यार्ड मागे उभा राहूनच सुरुवात करू शकतो, तेवढं अंतर कोन ठेवून रोज दाखवा नाहीतर मॅचमध्ये मुलं पुढे सरकतात. त्याने सरळ क्वार्टरबॅकच्या छातीवर न जाता त्याच्या टाकायच्या हाताच्या बाजूने जायचं. उजव्या हाताचा असेल तर त्याच्या उजवीकडून, म्हणजे तो डावीकडे सरकतो आणि अंगाच्या आडवं टाकावं लागल्यामुळे बॉलमधला जोरच जातो. हात वर करायचा, पण त्याच्या हाताला लावायचा नाही. रशर पोचला नाही तरी क्वार्टरबॅकने घाईत टाकला ना, मग त्याचं काम झालं, आणि हे त्याला मोठ्याने सांगा, कारण त्याच्या हातात फ्लॅग येत नाही आणि त्याला वाटतं आपण काहीच केलं नाही.

एक बारकावा. बॉल हॅंडऑफ झाला, म्हणजे क्वार्टरबॅकने तो शेजारच्याच्या हातात दिला, की ७ यार्डांची अट संपते, सगळेच पुढे जाऊ शकतात. म्हणून मधल्याने जोरात "रन!" ओरडायचं. पण खोटा हॅंडऑफ पण असतो, तेव्हा डोळ्याने बॉल बघितल्याशिवाय ओरडायचं नाही.

ऑफेन्स: टाकणं आणि झेलणं

क्रिकेटमुळे आपल्या मुलांचा खांदा तयार असतो, पण ती बॉल पूर्ण तळव्यात घट्ट धरतात आणि मग तो हवेत गटांगळ्या खात जातो. तळवा आणि बॉल यांत थोडी जागा हवी, बोटं शिवणीवर, सोडताना पहिलं बोट सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. झेलताना बॉल छातीच्या वर असेल तर अंगठे जवळ, कमरेखाली असेल तर करंगळ्या जवळ. डिसेंबरात सकाळी सहा-साडेसहाला आपल्याकडे बोटं बधिर होतात, त्या दिवसांत झेल सुटले तर रागवू नका, आधी दहा मिनिटं हातच गरम करून घ्या.

ऑफेन्स: तीनच प्ले

प्लेला नंबर देण्यापेक्षा आपल्या गावातली नावं द्या, मुलं विसरत नाहीत. आमच्याकडे नाशिकमधल्या ठिकाणांची नावं चालतात, ती अशी.

"सीबीएस": क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा असलेला रनिंग बॅक बॉल हातात घेऊन बाहेरच्या बाजूने पळतो, दोन्ही रिसीव्हर विरुद्ध बाजूला लांब पळून आपापल्या डिफेंडरला घेऊन जातात. कुणी कुणाला अडवायचं नसतं, म्हणून रिकामी जागा ही अशी तयार करावी लागते.

"द्वारका": दिसायला सुरुवात अगदी सीबीएससारखीच, पण हॅंडऑफ खोटा. दोन्ही रिसीव्हर पाच यार्डांवर आडवे क्रॉस होतात, आणि सेंटर स्नॅप देऊन दोन श्वास थांबतो, मग चार पावलं पुढे जाऊन वळतो. लहान मुलांचा डिफेन्स सेंटरला नेहमी विसरतो, आणि सेंटरही पास घेऊ शकतो हे तर बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. द्वारका चौकासारखंच सगळे एकमेकांना आडवे जातात, फक्त कोण आधी आणि कोण मागून हे ठरलेलं पाहिजे, नाहीतर आपलेच दोघं धडकतात.

"पांडवलेणी": तिघंही एकाच बाजूला. एक तीन यार्डांवर थांबतो, दुसरा आठ यार्डांवरून साइडलाइनकडे वळतो, तिसरा सरळ वर, थांबायचंच नाही. क्वार्टरबॅकने फक्त मागच्या खोल डिफेंडरकडे बघायचं, तो वरच्यासोबत मागे गेला तर मधल्याला द्यायचा, पुढे आला तर वरच्याला टाकायचा, आणि काहीच कळलं नाही तर जवळच्याला. दहा वर्षांच्या मुलाला पाच जणांकडे बघ म्हणून सांगू नका, एकाकडे बघून ठरवणं त्याला जमतं आणि जमलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

या तीन प्ले डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी केल्या की सहा झाल्या, आणि सीबीएस आणि द्वारका सुरुवातीला सारख्याच दिसतात, त्यामुळे समोरच्याला ओळखू येत नाहीत. चौथी प्ले शिकवायची घाई करू नका. या तिन्ही हडलमध्ये, म्हणजे प्लेआधी गोल करून बोलताना, नुसतं नाव घेतल्यावर कुणी "सर, मी कुठे?" विचारेनासं झालं, की मग.

पाच यार्ड म्हणजे किती हे मुलांना कळत नाही, म्हणून प्रत्येकाची पावलं मोजून घ्या. कुणाची सहा होतात, कुणाची आठ. ज्याचा आकडा त्याने लक्षात ठेवायचा.

मॅचच्या दिवशी

पहिल्या प्रयत्नाला सीबीएस, म्हणजे समोरचे पुढे ओढले जातात, मग दुसऱ्याला द्वारका. मध्यरेषेच्या जवळ पोचलात की नो-रन झोनचा विचार आधीच करा, ५ यार्डांच्या पट्टीत अडकलात तर तुमचं सीबीएस बाद, त्यामुळे पट्टीच्या अलीकडूनच एका झटक्यात पार जायचा प्रयत्न करायचा. उलट डिफेन्स करताना समोरचे त्या पट्टीत असतील तर पळण्याची भीतीच नाही, मधल्याला दोन पावलं मागे घ्या.

सगळ्यांना दोन्ही बाजूंनी खेळवा, क्वार्टरबॅकपण बदला. पालकांना सामना सुरू व्हायच्या आधी बाजूला घेऊन सांगा की टाळ्या कितीही वाजवा पण "इकडे टाक, तिकडे पळ" नको, कारण मूल आईचं ऐकू की हडलमध्ये ठरलेलं करू यातच ते सात सेकंद जातात.

आणि टचडाउननंतर एक निर्णय असतो तो मुलांना घेऊ द्या. ५ यार्डांवरून एक पॉइंट, पण तिथून पासच करावा लागतो. १० यार्डांवरून दोन, आणि तिथून पळतापण येतं. तुमच्याकडे एखादा खो-खोवाला हुलकावणी बहाद्दर असेल तर १० यार्डांवरून सीबीएस हा ५ यार्डांच्या पासपेक्षा फार अवघड नाही. दोन्ही पर्याय प्रॅक्टिसमध्ये दर आठवड्याला दहा-दहा वेळा करून कितीदा जमलं ते वहीत लिहून ठेवा, आणि मॅचच्या सकाळी ती वही कॅप्टनच्या हातात द्या.