पोषक पेयांच्या बाटल्या घरी ठेवण्याआधी

जीवनसत्त्वं, कॅल्शियम घातलेलं दूध, सोया पेय किंवा फळांचा रस यांच्या बाटल्या एकदम घरात भरणार असाल तर आधी मार्कर आणि कागदी चिकटपट्टी काढून ठेवा. जागा, फ्रिज वगैरे नंतर. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि अर्ध्या बाटल्या ओताव्या लागल्या, कारण कुठली कधी उघडली ते कुणालाच सांगता येईना.

छापलेली एक्सपायरी सीलबंद बाटलीची असते. सील तुटलं की ती तारीख संपली. तिथून पुढे लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं 'उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा' एवढंच खरं, आणि उघडल्याची तारीखच माहीत नसेल तर ते दिवस मोजणार कुठून? वास घेऊन ठरवू म्हणाल तर क जीवनसत्त्व हवेने कमी झालेलं वासाला कळत नाही, आजारी पाडणारे काही जिवाणूही वास न येताच वाढतात.

आता जागा. लेबलवर 'फ्रिजमध्ये ठेवा' असेल ती न उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच, बाकी न उघडलेल्या बाटल्या कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात. शेगडीशेजारी नको, फ्रिजच्या डोक्यावर नको, गाडीत तर मुळीच नको. अंधार का, तर ब२ म्हणजे रायबोफ्लेविन उजेडाने नासतं, अ जीवनसत्त्वालाही उजेड सोसत नाही. पारदर्शक बाटलीतल्या दुधाला उजेडाने एक जळकट, पुठ्ठ्यासारखी चवही येते. ट्यूबलाइटचा उजेडही उजेडच. त्यामुळे बाटल्या ज्या खोक्यात आल्या त्यातच राहू द्या. जुन्या पुढे, नव्या मागे.

मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. ती अर्धी झाली की वरच्या रिकाम्या जागेत हवा असते आणि रोज उघडली की नवी हवा आत जाते. दोनतीन दिवसांत संपेल एवढीच बाटली घ्या.

उघडताना क्रम असा. बाहेरून पुसून कोरडी करा, पट्टी चिकटवा, तारीख आणि वेळ लिहा, मगच सील तोडा. लिहायचं आधी, तोडायचं नंतर. 'ओतून झालं की लिहू' म्हटलं की ते राहतंच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं, त्यावर पट्टी टिकत नाही, म्हणून पुसणं टाळू नका. आणि तारीख बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. दोन बाटल्या शेजारी उघड्या असल्या की झाकणं हमखास अदलाबदल होतात. मार्कर दोरीने फ्रिजच्या दांडीलाच बांधून टाका.

कॅल्शियम तळाशी बसतं. प्रत्येक वेळी ओतण्याआधी झाकण घट्ट लावून बाटली उलटीसुलटी करून हलवा, नाहीतर सुरुवातीचे पेले पातळ आणि शेवटचा खडूसारखा, कचकच लागणारा. तळाला बोटभर पांढरा थर दिसला तर घाबरू नका, हलवल्यावर मिसळला तर ठीक. गुठळ्या तशाच राहिल्या किंवा आंबूस वास आला तर फेका.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास, आतल्या फळीवर, उभी. दारात नको, दार उघडझाप करताना तिथलं तापमान सगळ्यात जास्त हलतं. तोंड लावून पिऊ नका, लाळेतले जिवाणू आत जातात. पेल्यात ओता आणि लगेच परत ठेवा. उघडी बाटली २ तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर ओतून द्या, कडक उन्हाळ्यात १ तासच धरा.

फ्रीझर नको, बाटली तडकते, पेय फाटतं. फुगलेली बाटली चव न घेता फेका. पट्टी नसलेली उघडी बाटली सापडली तर कुणाला विचारत बसू नका, तीही ओता.