हिवाळी चाकं बसवली आणि १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, तिसरी पिढी, मुक्काम जर्मनी. उन्हाळी टायर २२५/४५ आर१७, हिवाळ्यासाठी वापरलेल्या अलॉय रिमवर २०५/५५ आर१६ घेतले. माप बरोबरच होतं: बाहेरचा व्यास ६३४ मिमीऐवजी ६३२, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक पडत नाही. तरी ९० ते ११० मध्ये स्टिअरिंग थरथरायचं.

दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, पुढची चाकं मागे. पैसे गेले, थरथर राहिली. पण दर वेळी चाक काढून लावलं की ती कमी-जास्त व्हायची. खूण हीच होती.

बोल्टची जागा जुळत होती (५×११२, म्हणजे ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर ५ बोल्ट), पण रिमचं मधलं भोक ६६.६ मिमी आणि गाडीचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग) ५७.१. चाक हबवर टेकतच नव्हतं, फक्त बोल्टवर लटकत होतं.

मग असं केलं. चाक काढून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला. ६६.६ ते ५७.१ ची सेंटरिंग रिंग (भोक आणि हब यांच्यातली फट भरणारी कडी) रिमच्या मागून दाबून बसवली (प्लास्टिकची घेतली, रस्त्यावरच्या मिठाने ॲल्युमिनियमची हबला चिकटून बसते). मूळ बोल्टचा रिमवर टेकणारा भाग गोल, या रिमला निमुळता लागतो, म्हणून बोल्टही बदलले. चाक हबवर घट्ट सरकवून पाचही बोल्ट आधी हातानेच, एक सोडून एक, फिरवले. जॅक उतरवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन-मीटरला आवळले. ५० किमीनंतर पुन्हा तपासले, शेवटी टायरदाबाची सूचना रीसेट केली.

१३० लाही स्टिअरिंग स्थिर.