भारी गिटारिस्ट कोण, यावर वाद घालायचाय? मग असा घाला

आधी एक ठरवा, भारी म्हणजे नक्की काय, स्पीड, सूर, की ज्याच्यानंतर बाकीच्यांचं वाजवणंच बदललं तो, कारण हे न ठरवता बसलात तर रात्रभर भांडाल आणि हाती काही लागणार नाही. नुसती नावं फेकू नका, मोबाईलवर लावून दाखवा. स्पीडवाल्याला ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंगचा एकच लांब सूर ऐकवा, डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरतं आणि गिटार अक्षरशः गायला लागते, दहा सेकंद पुरतात. मग जॅझवाला जँगो राईनहार्ट काढा. १९२८ मध्ये कॅरव्हॅनला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली, तरी सोलो उरलेल्या दोन बोटांवर, आणि काय वेगाने! रॉकवाल्या जिमी हेंड्रिक्सचं नाव निघणारच, तेव्हा गिटार जाळल्याची गोष्ट सोडा, अँपचा फीडबॅक (अँप्लिफायरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून उठणारा कर्कश आवाज), जो बरेचजण टाळायचे, तो त्याने सुरात कसा बसवला ते बोला, मला तरी तिथेच तो सगळ्यात मोठा वाटतो. आणि समोरच्याने एखादं नाव घेतलं जे तुम्ही ऐकलंच नाहीये, तर तिथेच थांबा, हेडफोन मागा आणि एक ट्रॅक पूर्ण ऐका.