वादळी उधाणाचं मॉडेल शिकायचंय? आधी शून्य कुठे आहे ते विचारा

वादळी उधाण म्हणजे चक्रीवादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी. ते किती चढेल हे काढायला शिकणारी, सागरी अभियांत्रिकीत नव्याने येणारी मुलं पहिला प्रश्न हमखास सॉफ्टवेअरचा विचारतात. एडसर्क शिकू की डेल्फ्ट-थ्रीडी? पायथन पुरेल की फोरट्रानही लागेल? हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत पूर्वसूचनेसाठी एडसर्क वापरतात, त्यामुळे तिथून सुरुवात करायला हरकत नाही. फोरट्रान लिहिता नाही आलं तरी वाचता आलं पाहिजे. पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय: पुराचा नकाशा समीकरणांमुळे क्वचितच चुकतो. तो चुकतो उंचीच्या आकड्यांमुळे.

मूळ तत्त्व सोपं आहे. चक्रीवादळात हवेचा दाब उतरला की समुद्र चढतो, एका हेक्टापास्कलला साधारण एक सेंटीमीटर. हा वाटा लहान. मोठा वाटा वाऱ्याचा. तो पाणी किनाऱ्याकडे लोटतो, आणि तळ जितका उथळ तितकं ते जास्त चढतं. १९७० च्या भोला वादळात आजच्या बांगलादेशात लाखो माणसं गेली, त्यामागे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागाचा हा उथळपणाही होता. आपल्याकडे मुंबईसमोरचा समुद्रही दूरपर्यंत उथळच आहे, हे लक्षात असू द्या.

आता निसर्ग वादळ घ्या. ३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर धडकताना समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा केंद्राच्या दक्षिणेला असतो. श्रीवर्धन, हर्णै, दापोली त्या बाजूला होती आणि मुंबई उत्तरेला. केंद्र थोडं उत्तरेला सरकलं असतं तर चित्र पार बदललं असतं.

वेळेचंही तसंच. कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या दिवशी सकाळी द्वादशी होती, म्हणजे पूर्ण भरती नऊ-दहाच्या सुमारास. वादळ आलं तेव्हा पाणी उतरत होतं. वटपौर्णिमा दोनच दिवसांवर, म्हणजे भांगाचे, लहान भरतीचे दिवस सरून उधाण चढणीला लागलेलं. मोठ्या उधाणाला या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. म्हणून वादळाने चढलेलं पाणी वेगळं काढून ते भरतीच्या तक्त्यात नुसतं मिळवू नका. उथळ खाडीत दोन्हींचा एकमेकांवर परिणाम होतो. मॉडेलमध्ये ती एकत्रच चालवावी लागतात.

आता उंचीकडे येतो. पावसाळ्यात पेपरात ‘आज साडेचार मीटरची भरती’ असं छापून येतं. हे साडेचार मीटर मोजलेले असतात चार्ट डेटमपासून, म्हणजे खोल ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंचीच्या खुणा मात्र समुद्रसपाटीपासूनच्या. त्या हिशेबाने ती भरती जेमतेम दोन मीटरची. उपग्रहाच्या उंचीचा शून्य आणखी वेगळा. पालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांचे जुने नकाशे मिळाले तर त्यांवर टाउन हॉल डेटम, म्हणजे आणखी एक शून्य. या सगळ्या फायली एकाच नकाशावर टाकल्या की सॉफ्टवेअर कसलीही तक्रार करत नाही आणि सुबक निळा नकाशा काढून देतं. म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला मी आधी विचारतो: तुझा शून्य कुठला?

दुसरी अडचण जमिनीची. फुकट मिळणारा एसआरटीएमचा उंचीचा नकाशा २००० साली रडारने केलेला. रडारला जमिनीऐवजी बऱ्याच ठिकाणी झाडांचे शेंडे दिसले. रायगडात सुपारी-नारळाच्या वाड्या किनाऱ्याला लागूनच. त्या नकाशात वाडी म्हणजे उंचवटा, आणि मॉडेल सांगतं की वाडी कोरडी राहणार. याउलट खारबांध, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारा बांध. काही मीटर रुंदीचा बांध त्या नकाशाच्या तीस मीटरच्या चौकटीत हरवून जातो, मग कागदावर खाडीचं पाणी सरळ खाजणातल्या शेतात शिरतं. बांधाची उंची आणि उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची जागा प्रत्यक्ष जाऊन घ्यावी लागते. गावात गेलात की मागच्या वादळात पाणी कुठवर आलं तेही विचारा. घराच्या जोत्यावर बोट ठेवून दाखवणारी आजी हाताशी असलेली सर्वांत चांगली नोंद असते, कारण भरतीमापक यंत्रं मोजक्याच बंदरांत आहेत. मुंबईतल्या अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, पण एवढी जुनी मालिका किनाऱ्यावर इतरत्र शोधून सापडत नाही.

शक्यतेचं गणितही शिकावं लागेल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटलं की लोक निश्चिंत होतात. दरवर्षी एक टक्का शक्यता धरली तर तीस वर्षांत निदान एकदा तरी ती पातळी गाठली जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. घर बांधणाऱ्याला हा दुसरा आकडा सांगा.

शिक्षणासाठी स्थापत्य, भौतिकशास्त्र किंवा गणित, कुठूनही येता येतं. पुढे आयआयटी आहेत, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) आहे, खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. प्रवेशाची वाट बघत बसू नका. हवामान खात्याने प्रसिद्ध केलेला निसर्गचा मार्ग घ्या, वादळाच्या दाबावरून वारा देणाऱ्या हॉलंडच्या सूत्राने वारा काढा, गेबको या जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशातून खोली घ्या आणि मॉडेल चालवा. मग तेच वादळ तीन-चार तास आधी, ऐन भरतीला किनाऱ्यावर आणा आणि येणारी पातळी एखाद्या खारबांधाच्या माथ्याशी ताडून बघा. दोन्ही आकड्यांचा शून्य एकच आहे ना, हे तपासूनच.